खाऱ्या पाण्याची पहिली टाकी : शेवाळ आणि पाण्याच्या प्रतीविषयी प्रकल्प नोंदी, बडोदा २०२४

११ फेब्रुवारी २०२४

टाकी आज जागेवर बसवली. आतील लांबी ९० सेंमी, रुंदी ४५ सेंमी आणि उंची ३८ सेंमी असल्याने काठोकाठ भरल्यास सुमारे १५४ लिटर पाणी मावेल. परंतु वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा जाता प्रत्यक्ष पाणी १२० लिटर धरले असून पुढील सर्व हिशेब याच आकड्यावर केले जातील. दांडिया बाजारातील आमच्या घराच्या दर्शनी खोलीत सकाळचे ऊन थेट आत येते, म्हणून टाकी तेथे न ठेवता मधल्या खोलीतील आतल्या भिंतीला लावली आहे. दिव्याचा प्रकाश घड्याळाने मोजता येतो, उन्हाचा येत नाही, आणि शेवाळाचा प्रश्न पुढे येणारच असल्याने प्रकाश आपल्या ताब्यात असलेला बरा.

तळाशी अरागोनाइटची, म्हणजे चुनखडीच्या जातीची, वाळू घातली आहे. प्रवाळाचा किंवा समुद्रातून काढलेला सजीव खडक वापरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घेतले. ते दिसायला फार पांढरे आणि नवे वाटतात, पण जीवाणूंना राहायला जागा हवी असते, रंग नव्हे.

पाण्याविषयी सविस्तर लिहून ठेवतो. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवरातून १८९२ पासून पाणी मिळते, आणि आज त्याच्या जोडीला महीच्या पात्रातील विहिरींचे पाणी आहे. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, आज ३१० आला. पिण्यासाठी हे पाणी उत्तम असले, तरी त्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट हे तिन्ही घटक शेवाळाचे अन्न आहेत. घरातील आरओ यंत्राचे पाणीही जसेच्या तसे चालत नाही, कारण चव राखण्यासाठी त्यात टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो थोडे न गाळलेले पाणी पुन्हा गाळलेल्या पाण्यात मिसळतो. आमच्या नळीला त्यामुळे ६५ टीडीएस येत होता. मेम्ब्रेनच्या, म्हणजे गाळणाऱ्या पडद्याच्या, लगेच पुढे टी-जोड बसवून पाणी वेगळे घेतले तेव्हा १४ आला, आणि त्यापुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, नळी लावल्यावर शून्य. हेच पाणी वापरायचे ठरले.

१८ फेब्रुवारी

मिठाचा विषय घरात बराच चर्चिला गेला. काकांचे म्हणणे असे की देशातील सर्वाधिक मीठ गुजरातेत पिकत असताना परदेशी मिठाचे डबे आणणे शहाणपणाचे नाही, आणि दहेजच्या बाजूला ओळखी असल्याने ते पोतेभर आणूनही देऊ शकतात. विचार रास्त आहे, परंतु मिठागराची पद्धत पाहिली की अडचण कळते. समुद्राचे पाणी आटत जाताना आधी कॅल्शियमचे कार्बोनेट आणि सल्फेट खाली बसतात, मग खाण्याचे मीठ बनते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहून वेगळे काढले जातात. म्हणजे आगरातले मीठ जितके शुद्ध, तितके ते समुद्रापासून दूर गेलेले असते. समुद्रातील विरघळलेल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के असतात, पण माशांना आणि चुनखडी बांधणाऱ्या जीवांना उरलेले १५ टक्केही तितकेच लागतात. भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे आणि तेथेच समुद्री शेवाळांचाही अभ्यास चालतो. एकाच पाण्यातून दोन्ही निघतात, हे या टाकीच्या मालकाला वेगळे सांगावे लागत नाही.

खंबायतच्या आखाताचे पाणी थेट आणण्याची दुसरी सूचनाही बाजूला ठेवली. त्या आखातात भरती-ओहोटीतील फरक भारतात सर्वांत मोठ्यांपैकी आहे, आणि साबरमती, मही, नर्मदा व तापी यांचा गाळ त्या ओढीत सतत ढवळला जातो. पाणी गढूळ असते, पावसाळ्यात त्याची क्षारता खाली येते, आणि त्यात काय काय मिसळले आहे हे घरच्या घरी तपासणे शक्य नाही.

सरतेशेवटी मत्स्यालयासाठीचे तयार मिश्रण घेतले. १२० लिटरला सुमारे ४.४ किलो लागले. पाणी पिंपात वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा छोटा पंप, लावून रात्रभर फिरवले आणि मगच टाकीत घातले. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नव्हे, तर ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवला, कारण ज्या आकड्याजवळ मोजायचे त्याच आकड्यावर उपकरण खरे असले पाहिजे. आजची क्षारता ३५, तापमान २५ अंश, पीएच ८.१, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) ८.५ डीकेएच.

२५ फेब्रुवारी

नायट्रोजन चक्र, म्हणजे जीवाणूंनी विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणे, सुरू करण्यासाठी मेलेली कोळंबी टाकण्याची जुनी पद्धत टाळली, कारण ती सडताना अमोनियाबरोबर फॉस्फेटही सोडते आणि त्याचे मोजमाप हातात राहत नाही. त्याऐवजी शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, ०.७६ ग्रॅम तोलून विरघळवला. १२० लिटरमध्ये त्याने अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, होतो. कल्हईवाल्यांकडचा नवसागर यासाठी चालणार नाही, प्रयोगशाळेच्या प्रतीचाच हवा. जीवाणूंची बाटली त्याच दिवशी घातली. दिवा बंद ठेवला आहे, कारण या काळात टाकीत प्रकाश लागणारा कोणी राहत नाही.

१७ मार्च

अमोनिया ०.२५, नायट्राइट २, नायट्रेट १०. खाऱ्या पाण्यात नायट्राइट गोड्या पाण्याइतका घातक ठरत नाही, कारण पाण्यातील विपुल क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अमोनियाचे मात्र उलट आहे. पीएच ८.२ असताना एकूण अमोनियापैकी सात-आठ टक्के भाग मुक्त आणि विषारी रूपात असतो. पीएच ७ ला हाच भाग अर्धा टक्का असतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारा ०.५ चा आकडा येथे गंभीर मानायचा.

दिवा तासभर लावून पाहू लागल्यापासून वाळूवर तपकिरी धूळ दिसू लागली आहे. बोट फिरवताच ती उडते. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ, आहेत. त्यांची कवचे सिलिकाची असतात आणि नव्या टाकीत जोपर्यंत सिलिकेट आहे तोवर ते राहतात. त्यावर काहीही करणार नाही.

३१ मार्च

सायंकाळी घातलेला २ पीपीएम अमोनिया दुसऱ्या सायंकाळी शून्य, नायट्राइटही शून्य. नायट्रेट २० पर्यंत चढला होता, म्हणून अर्धे पाणी बदलून १० वर आणला.

क्लाउनफिशची जोडी आणली, ती हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाची पद्धत बऱ्याच पूर्वी बसवली असल्याने समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरलेले नाही. हॅचरीतला मासा कोरडे अन्नही सहज घेतो. दोघांपैकी मोठी ती मादी. या जातीत सर्व जण आधी नर असतात आणि गटातील वरचढ मासा पुढे मादी होतो.

डायटम ओसरत आहेत. काचेवर हिरवी झाक आली आहे, ती आठवड्यातून दोनदा चुंबकाने पुसतो. दिवा आता रोज सात तास.

२१ एप्रिल

उष्णतेने या महिन्यात इतर सर्व विषय मागे टाकले. दुपारी खोलीचे तापमान ३५ अंशांवर जाते आणि पाणी २९.५ ला पोहोचते. चिलर टाकीच्या एकूण खर्चाइतका महाग आहे. पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे लावल्यावर पाणी २६.८ वर आले. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवन फार चांगले काम करते, आणि त्याची किंमत म्हणजे रोज सुमारे ३ लिटर पाणी उडते.

उडते ते पाणी. मीठ मागेच राहते. ३ लिटर गेले की ३५ ची क्षारता ३५.९ होते, आणि चार दिवस कोणी लक्ष दिले नाही तर ३८.९. म्हणून भर घालायची ती नेहमी गोड्या आणि शुद्ध पाण्याची, आणि रोज. घाईच्या दिवशी नळाचे पाणी घातले तर काय होईल, असे आईने विचारले. त्याचे उत्तर आकड्यात देता येते. ३१० टीडीएसचे पाणी रोज ३ लिटर घातले तर महिन्याला २८ ग्रॅम क्षार टाकीत जमा होतात, आणि ते समुद्राच्या प्रमाणातले नसतात. त्यांत आपल्याला नको असलेले नायट्रेट आणि सिलिकेटही असतात, आणि यातले काहीच बाष्पीभवनाने बाहेर जात नाही. उन्हाळ्यात बडोद्यातील टाकीला पाणी बदलण्यापेक्षा भर घालण्यानेच अधिक नवे पाणी मिळते, त्यामुळे भरीच्या पाण्याची प्रत ही टाकीच्या पाण्याची प्रत आहे, असे मी धरून चाललो आहे.

१९ मे

दगडांच्या वरच्या कडांवर हिरवे केसाळ शेवाळ आले आहे. लांबी बोटाच्या पेरापेक्षा जास्त, मुळाशी घट्ट, चिमटीत धरून ओढले तर तुटते पण उपटत नाही. बहुधा डर्बेसिया नावाचे शेवाळ, सूक्ष्मदर्शक नसल्याने खात्रीने नाव लिहीत नाही.

तपासणीचे आकडे : नायट्रेट २, फॉस्फेट ०.०२. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की पाणी स्वच्छ आहे आणि शेवाळाचे कारण दुसरे असावे, प्रकाश तरी किंवा दिव्याचा रंग तरी. मला ते पटत नाही. टेस्ट किट फक्त पाण्यात या क्षणी उरलेले मोजते. शेवाळाने जे उचलून आपल्या अंगात घातले ते त्या नळीत उतरतच नाही. घरातील रोख पाहून वर्षाचे उत्पन्न ठरवावे, तसा हा प्रकार आहे : आकडा लहान आहे याचा अर्थ येणे कमी आहे असा नव्हे, तर खर्च तितकाच जलद आहे असाही असू शकतो. टाकीतील नायट्रोजन आणि फॉस्फरस किती आहे हे विचारायचे असेल, तर शेवाळही वजनात धरले पाहिजे.

म्हणून औषधाची बाटली आणण्याआधी येणारे किती हे मोजायचे ठरवले. पाण्यातून काही येत नाही : भरीचे पाणी शून्य टीडीएस, ताज्या खाऱ्या पाण्यात फॉस्फेट शून्य. दगड सिरॅमिकचे. राहिले अन्न.

९ जून

सोनारी काम करणाऱ्या शेजाऱ्यांकडून मिळालेल्या छोट्या काट्यावर रोजचे अन्न तोलले. क्लाउनफिशची जोडी आणि मेमध्ये आलेला एक लहान गोबी मासा मिळून रोज ०.२ ग्रॅम फ्लेक्स. डब्यावर प्रथिने ४५ टक्के लिहिलेली आहेत. प्रथिनांना ६.२५ ने भागले की नायट्रोजन मिळतो, म्हणजे अन्नात ७.२ टक्के, ०.२ ग्रॅममध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम. तो सगळा अखेर नायट्रेट झाला तर ६४ मिलिग्रॅम, आणि १२० लिटरमध्ये रोज ०.५३ पीपीएम. फॉस्फरस अशा अन्नात साधारण एक टक्का असतो. म्हणजे रोज २ मिलिग्रॅम, फॉस्फेटच्या रूपात ६ मिलिग्रॅम, पाण्यात ०.०५ पीपीएम. चिमूटभर अन्नात आपण राखू पाहतो तितका फॉस्फेट एका दिवसात घालतो, हे आकडा मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. माशांच्या वाढीत यातील काही भाग थांबतो, पण पूर्ण वाढत आलेल्या माशांत तो थोडाच.

याहून रंजक गोष्ट अशी की ६४ ला ६ ने भागले तर साधारण साडेदहा येतात. समुद्रातील प्लवकांमध्ये, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये, नायट्रोजन आणि फॉस्फरसचे अणू १६ ला १ या प्रमाणात असतात, हे आल्फ्रेड रेडफील्ड यांनी मांडले. वजनात आणि नायट्रेट-फॉस्फेटच्या भाषेत तेच प्रमाण १०.४ ला १ होते. माशांचे अन्न माशांच्याच पिठाचे, ते मासे प्लवकांवर वाढलेले, त्यामुळे डब्यातील फ्लेक्स शेवाळाला हवे त्याच प्रमाणात खत पुरवतात. त्याला एकाची चणचण आणि दुसऱ्याची चंगळ असे होत नाही.

आता बाहेर जाणारे. दर रविवारी १० टक्के पाणी बदलतो. त्याने त्या वेळी पाण्यात असलेल्याचा दहावा भागच जातो, आणि असे चार आठवडे केले तर ४० नव्हे, ३४ टक्के जातो. आठवड्याला नायट्रेट ३.७ येत असेल आणि जाण्याचा मार्ग एवढाच असेल, तर आकडा ३७ वर पोहोचल्यावर मगच स्थिर होईल. नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो तो पाणी बदलण्याचा, आणि तो योग्यच आहे, कारण त्याने कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि सूक्ष्म घटक भरून निघतात. पण खत बाहेर काढण्याचे मुख्य साधन म्हणून तो तोकडा आहे.

आज दगडांवरील शेवाळ हाताने उपटले, उरलेले दातांच्या ब्रशने घासत त्याच वेळी नळीने ओढून घेतले, म्हणजे तुकडे पाण्यात पसरत नाहीत. निथळून १०० ग्रॅम भरले. त्यातील नव्वद टक्के पाणी धरले आणि कोरड्या भागात दोन ते तीन टक्के नायट्रोजन धरला, तर हे टाकीतून ७ ते ११ पीपीएम नायट्रेट काढल्यासारखे आहे. तेवढेच नायट्रेट पाणी बदलून काढायचे तर टाकीच्या आताच्या २ पीपीएम पाण्याच्या अनेक टाक्या ओताव्या लागतील. शेवाळ हे मला तेव्हापासून घाण वाटेनासे झाले आहे. ते चुकीच्या जागी चाललेले उपयुक्त काम आहे.

अन्न ०.१२ ग्रॅमवर आणले आणि आठवड्यातून एक दिवस लंघन ठेवले. आईच्या मते मासे नेहमीच उपाशी दिसतात. म्हणून दिवसाची पुडी सकाळीच बांधून ठेवतो आणि डबा कपाटात वर ठेवतो. स्किमरचा, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा, पेला थोडा ओला फेस निघेल असा लावला आहे.

७ जुलै

पाऊस लागल्यापासून पंख्यांचा उपयोग निम्मा राहिला आहे. हवेत आर्द्रता इतकी की पाणी उडत नाही, आणि जे उडत नाही ते थंडही करत नाही, टाकी २८.६ वर आहे आणि भर दिवसाला जेमतेम एक लिटर.

केसाळ शेवाळ आटोक्यात आहे. परंतु काचेवर पुन्हा तपकिरी थर येत आहे, पुसल्यावर दुसऱ्या दिवशी तसाच. चार महिन्यांच्या टाकीत डायटम परत येणे म्हणजे सिलिकेट कोठून तरी नव्याने येत आहे. भरीच्या पाण्याचा टीडीएस शून्य-एकच दाखवतो. तरीही सिलिकेटचे किट मागवून तेच पाणी तपासले, तर १ पीपीएमपेक्षा जास्त आले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. टीडीएस मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. या पीएचला विरघळलेली सिलिका जवळपास भाररहित असते, म्हणून ती मीटरला दिसत नाही. डीआय रेझिनही तिला सर्वांत सैल धरते. रेझिन भरत आले की जोरदार आयन आत शिरतात आणि सिलिका आधी बाहेर ढकलली जाते, मीटरवर एकही आकडा हलण्याच्या बरेच आधी. उन्हाळाभर रोज ३ लिटरची भर या नळीतून गेली होती. रेझिन बदलले. यापुढे ते मीटरवर नव्हे, गेलेल्या लिटरवर बदलायचे, आणि महिन्याला एकदा सिलिकेट तपासायचे.

४ ऑगस्ट

वाळूच्या उजव्या कोपऱ्यात जांभळट लाल साय धरली आहे. दुपारी तिच्यावर बुडबुडे येतात, रात्री ती पातळ होते, आणि नळीने ओढली की चादरीसारखी एकत्र निघते. हे शेवाळ नव्हे. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. अरबी समुद्रात ज्या ट्रायकोडेस्मियमचे पट्टे उठतात ते याच गटातले. या गटातील काही जाती पाण्यात विरघळलेला वायुरूप नायट्रोजन स्वतः बांधू शकतात, त्यामुळे नायट्रेट कमी पडले की इतर शेवाळ मागे पडते आणि यांना मोकळे रान मिळते. आजचे आकडे नायट्रेट १ आणि फॉस्फेट ०.१२, प्रमाण साडेदहाऐवजी ८ च्या आसपास. त्यातच उजव्या कोपऱ्यात प्रवाह नव्हता, कारण जूनमध्ये दगड हलवल्यावर वेव्हमेकरचा झोत मधल्या दगडावर आदळून फिरत होता.

साय ओढून काढली, वेव्हमेकर समोरच्या काचेकडे वळवला, आणि आयर्न ऑक्साइडचे फॉस्फेट शोषक दाणे शिफारशीच्या एक चतुर्थांश मात्रेत लावले. दुकानदार भाईंनी एरिथ्रोमायसिनची गोळी सुचवली होती. ती दोन दिवसांत साय घालवते हे खरे, परंतु प्रतिजैविक आपले-परके पाहत नाही, अमोनिया खाणारे जीवाणूही त्याच टाकीत राहतात, आणि ते पाणी शेवटी गटारात जाते.

१ सप्टेंबर

हा आठवडा शहराने विसरण्यासारखा नाही. २६ ऑगस्टपासूनच्या पावसाने विश्वामित्री धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून ३७ फुटांपर्यंत चढली. आम्ही वरच्या मजल्यावर असल्याने घरात पाणी आले नाही, पण वीज गेली आणि नळही बंद होता. टाकीच्या दृष्टीने घडले ते नोंदवतो.

वीज गेल्यावर खाऱ्या टाकीला सर्वांत आधी धोका असतो तो प्राणवायूचा. समुद्राच्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २० टक्के कमी प्राणवायू विरघळतो, आणि २८ अंशांना तो लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्याही खाली असतो. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर ठेवला, आणि त्याचे तोंड पृष्ठभाग ढवळेल असे वर केले. स्किमर, दिवा, पंखे बंद. अन्न पूर्ण बंद. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर, पण ती अर्ध्याखाली उतरवू नये म्हणून ९०० धरायचे. वेव्हमेकर १० वॉटचा, इन्व्हर्टर स्वतः सुमारे १५ वॉट खातो. म्हणजे ३६ तास. यंत्राने स्वतः खाल्लेली वीज पंपापेक्षा जास्त, हे अशा वेळीच समजते. त्यापुढे सेलवर चालणारा एअर पंप लावला. तयार खाऱ्या पाण्याचे ४० लिटरचे पिंप नेहमी भरून ठेवतो, ते कामी आले.

मासे ठीक आहेत. अमोनिया शून्यच राहिला. लाल साय मात्र अंधारात पूर्ण गेली. एरवी तीन दिवसांचा काळोख मुद्दाम देतात, तो येथे आपोआप मिळाला. पण गेलेली साय टाकीतच विरघळली आणि फॉस्फेट ०.१८ वर चढला. मेलेले शेवाळ बाहेर काढले नाही तर ते परत खतच होते, याचा हा चोख पुरावा. वीज आल्यावर लगेच १५ टक्के पाणी बदलले आणि स्किमर चालू केला.

२२ सप्टेंबर

फॉस्फेट ०.०७, नायट्रेट ३. शोषक दाणे काढून घेतले आहेत. त्यांच्या नादी लागून दोन्ही आकडे शून्यावर नेण्याचा मोह होतो, परंतु शून्य पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट तपकिरी जीव बळावतात, त्यांतील काही जाती विषारी असतात, आणि ते केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी हट्टी आहेत. माझे लक्ष्य नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ हेच राहील.

अन्न पुन्हा ०.१५ ग्रॅम करताना एक वेगळी पद्धतही वाचली. पाण्यात थोडा कार्बन घातला की जीवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतात, आणि स्किमर त्यांना फेसातून बाहेर काढतो. त्यासाठी जगभर व्होडका वापरतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने तो मार्ग घराघरांत बंदच आहे; साधा पांढरा व्हिनेगर तेच काम करतो. तूर्त गरज नाही, शिवाय वाढणारे जीवाणू प्राणवायूही खातात, आणि गेल्या महिन्यानंतर या टाकीच्या प्राणवायूवर नवा भार टाकण्याची माझी तयारी नाही.

त्याऐवजी मागच्या कप्प्यात किटोमॉर्फा हे तारेसारखे गुंतलेले मोठे शेवाळ ठेवले असून त्यावर लहान दिवा रात्री चालतो. जे काम दगडांवरचे शेवाळ करत होते ते आता येथे होईल, आणि येथून ते मूठभर कापून काढता येईल. रात्री दिवा लावण्याचा आणखी एक फायदा असा की रात्री पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, तो उतार कमी होतो.

२७ ऑक्टोबर

क्षारता ३५, तापमान २६.२, पीएच पहाटे ८.०५ आणि सायंकाळी ८.२५, अल्कलिनिटी ८.२, कॅल्शियम ४२०, नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०५, सिलिकेट शून्य. किटोमॉर्फाची पहिली कापणी ६५ ग्रॅम. काच पाच दिवसांतून एकदा पुसावी लागते. दगडांवरचे केसाळ शेवाळ वरच्या एका फटीत उरले आहे. ते गोगलगायी खात नाहीत आणि माझी बोटे तेथे पोहोचत नाहीत, म्हणून ते तसेच राहील. गोगलगायी घेताना चौकशी करूनच घेतल्या, कारण समुद्री शंख-शिंपल्यांच्याही काही जाती वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत. त्यांच्याच शंखांवरून चुनखडी बांधणाऱ्या कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके मागच्या काचेवर उतरले आहेत. ते पुसायचे नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईबाबत घरात सांगून ठेवले आहे. स्किमर खोलीतील हवा ओढून पाण्यात मिसळतो, म्हणून मधल्या खोलीत रंगकाम, फिनेल, अमोनियाचे काच-क्लीनर किंवा डासांचा फवारा चालू असताना स्किमरची हवेची नळी गॅलरीत सोडायची, आणि फटाक्यांच्या संध्याकाळी तीच नळी परत आत घ्यायची. आम्ही पाडव्यानंतर आत्याकडे पुण्याला जाणार आहोत. शेजारच्या काकूंना रोजची एक अशा ०.१५ ग्रॅमच्या पुड्या, भरीच्या पाण्याच्या खुणा केलेल्या बाटल्या आणि इन्व्हर्टरचे बटण दाखवले आहे. जादा पुडी एकही ठेवलेली नाही.